केसपेपरच्या कॉपीचे पैसे : हे कुठून सुरू झालं

बाबांच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायला पूर्ण फाईल हवी होती, तर रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर आधी "कशाला पाहिजे?" आणि मग साठेक पानांचे दीड हजार. पावतीवर नुसतं 'फाईल चार्जेस', आणि नर्सिंग चार्टची झेरॉक्स इतकी पुसट की कुठलं औषध किती वाजता दिलं तेच वाचता येईना.

तरी निदान मिळाली. पूर्वी केसपेपर गोपनीय आहेत म्हणून सरळ परत पाठवायचे, म्हणजे पेशंटचीच माहिती पेशंटपासूनच गोपनीय! १९९५ ला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते असं सांगितलं आणि या कागदांचं वजन एकदम वाढलं, कारण तक्रार करायची तर पुरावा त्याच फाईलमध्ये असतो. मग १९९६ मध्ये रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या केसमध्ये आपल्या मुंबई हायकोर्टाने सांगितलं की गुप्ततेचं कारण चालणार नाही, पेशंटने किंवा जवळच्या नातेवाईकाने मागितले तर कॉपी द्यायच्याच. पण त्याच निकालात हेही आहे की कॉपीचा आवश्यक तो चार्ज हॉस्पिटल घेऊ शकतं. आवश्यक म्हणजे किती, ते नाही. माझ्या मते सगळी गडबड इथूनच आहे.

२००२ च्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या (देशभरातल्या डॉक्टरांसाठीच्या) नियमांत ॲडमिट पेशंटचं रेकॉर्ड ३ वर्षं ठेवा, मागितल्यावर ७२ तासांत द्या एवढं आलं, रेट नाही आला. २०१८ च्या मानवाधिकार आयोगाच्या पेशंट हक्कांच्या सनदेतही झेरॉक्सची 'योग्य' फी एवढंच, मात्र पेशंटला स्वतःच्या खर्चाने कॉपी काढू द्या हा पर्याय त्यात आहे आणि तो फार कामाचा आहे. सरकारी हॉस्पिटलचे कागद माहिती अधिकारात मागितले तर अर्जाला १० रुपये आणि साध्या पानाला २ रुपये, म्हणजे रेट ठरवता येतो की!

२०२३ च्या ऑगस्टमध्ये नवीन नियम आले, त्यात ७२ तासांचे ५ वर्किंग डेज केले होते, पण तीन आठवड्यांतच ते स्थगित झाले आणि परत २००२ चेच लागू झाले. त्यामुळे फाईल मागताना लेखी अर्जच द्या आणि तारीख-वेळ टाकून त्याची पोच घ्या, ७२ तास तिथून मोजायचे, आणि पावतीवर किती पानांचे किती घेतले ते लिहूनच मागा.