आडनाव एक, पूर्वज किती?

एकाच आडनावाची माणसं एकाच मूळपुरुषाची, हा समज इंग्लंडमध्येही घट्ट रुजलेला आहे. स्मिथ मंडळींच्या बाबतीत तो साफ खोटा. लोहार गावोगावी होते, त्यामुळे हे आडनाव असंख्य ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं. दुर्मिळ आडनावांचं मात्र तसं नाही आणि ते तपासायला वाय गुणसूत्र, म्हणजे फक्त पुरुषांत असणारं गुणसूत्र, फार कामाचं आहे.

१०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथे आडनावं हळूहळू वंशपरंपरेने चालू लागली. ती बापाकडून मुलाकडे जातात, वाय गुणसूत्रही तसंच जातं. या गुणसूत्रावर काही ठिकाणी डीएनएच्या चार अक्षरांचा एकच तुकडा दहा-पंधरा वेळा लागोपाठ येतो. नक्कल होताना कधीतरी एखादा तुकडा वाढतो किंवा गळतो. एका जागी हे साधारण ५०० पिढ्यांत एकदा घडतं. आता १७ जागा तपासल्या आणि दोघांचा समाईक पूर्वज ७०० वर्षांपूर्वीचा धरला, तर ३० वर्षांची एक पिढी याप्रमाणे दोन्ही शाखांच्या मिळून ४६ पिढ्या होतात. ४६ गुणिले १७ भागिले ५००, म्हणजे सरासरी दीड फरक. एक-दोन फरक निघाले तर नातं शक्य आहे. आठ-दहा निघाले तर पूर्वज वेगळे. एक अडचण उरतेच. वाय गुणसूत्रांचे प्राचीन पूर्वजांनुसार गट पाडतात आणि त्यांतला आर१बी हा गट ब्रिटनमध्ये इतका पसरलेला आहे, की नातं नसलेल्यांचेही आकडे जुळू शकतात. म्हणून गट दुर्मिळ असेल तरच पुरावा भक्कम.

शिवाय दत्तक, विवाहबाह्य संतती, मालमत्तेसाठी बदललेलं आडनाव यांनी धागा तुटतो. दर पिढीला २ टक्के तुटला, तरी २३ पिढ्यांनी शंभरातल्या ६३ जणांकडेच मूळ गुणसूत्र उरतं.

इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये पूर्व यॉर्कशरमधलं एक दुर्मिळ आडनाव असंच तपासलं. त्या आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत वाय गुणसूत्राचा ए१ गट निघाला, जो त्याआधी पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांतच दिसला होता! कागदपत्रांतून या सातांच्या दोन वंशावळी अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे गेल्या. त्या कागदावर जुळत नाहीत, पण इतका विरळ गट आणि तेच आडनाव म्हटल्यावर दोन्हींचा पूर्वज त्याहून जुना आणि एकच असणार. तो गुलामांच्या व्यापारातून आलेल्या कुणाचा वंशज असेल, किंवा त्याची मुळं तिसऱ्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या भिंतीवर तैनात असलेल्या रोमन सैन्यातल्या आफ्रिकी तुकडीपर्यंतही जात असतील.

यावरून या सातांना ‘आफ्रिकी’ ठरवणं चूक आहे. दहा पिढ्या मागे वंशवृक्षात १,०२४ जागा असतात आणि वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच जागेबद्दल बोलतं. ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ (ढालीवरचं मानाचं चिन्ह) विकणाऱ्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नये, कारण इंग्लंडमध्ये असं चिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही.