झोपाळ्याला भिंत हवी

विसर्जन मिरवणुकीतल्या लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या अलीकडे येत असतात. त्यावरून एका मित्राने विचारलं, "हातातलं ते हिरवं लेझर-पेन असतं, त्यात हिरवी काच बसवलेली असते ना?"

नसते. अशा बऱ्याच पेनांत आधी तयार होतो १०६४ नॅनोमीटरचा, न दिसणारा अवरक्त प्रकाश. तो एका स्फटिकातून जातो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा होऊन बाहेर पडतो. तरंगलांबी निम्मी, म्हणजे वारंवारता दुप्पट. (स्वस्तातल्या पेनातून उरलेला अवरक्तही निसटतो. तो दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही.)

हा प्रकार १९६१ साली मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा दाखवला, तो क्वार्ट्झमध्ये. दुप्पट वारंवारतेच्या प्रकाशाचा फोटोतला ठिपका इतका पुसट होता की छपाईत तो डाग समजून काढून टाकला गेला. शोधनिबंधात ठिपक्याची जागा दाखवणारा बाण आहे, ठिपका नाही! क्वार्ट्झ म्हणजे ज्याच्या माळा 'ऊर्जा वाढवतात' म्हणून विकतात तोच. वाढत काहीच नाही. दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) खर्ची पडतात तेव्हा दुप्पट ऊर्जेचा एक मिळतो.

मला भुरळ आहे ती सेंद्रिय, म्हणजे कार्बनवर उभ्या असलेल्या रेणूंची, कारण तिथे रेणूची घडणच बदलून पाहता येते. पॅरा-नायट्रोॲनिलीन हा पिवळा पदार्थ घ्या. बेंझिनच्या कड्याच्या एका टोकाला अमिनो गट, इलेक्ट्रॉन देणारा. समोर नायट्रो, ओढून घेणारा. प्रकाशाचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनांना मागेपुढे ढकलतं. नायट्रोकडे ते खुशाल सरकतात, उलट ढकललं की अडतात. भिंतीला लागून टांगलेला झोपाळा आठवा: पुढे लांब जातो, मागे लगेच भिंत. अशा वाकड्या हेलकाव्याची फोड केली की मूळ वारंवारतेबरोबर दुप्पट वारंवारताही सापडते, आणि इलेक्ट्रॉन तीही प्रकाश म्हणून फेकतात. बल्बच्या प्रकाशाने झोका भिंतीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून लेझर लागतो.

रेणू उत्तम, पण त्याचा स्फटिक करा: अंधार! रेणूचं एक टोक किंचित धन, दुसरं ऋण, त्यामुळे शेजारचे रेणू उलटसुलट तोंडं करून बसतात आणि स्फटिक मध्यबिंदूभोवती सममित होतो. दुप्पट वारंवारतेचा भाग विद्युतक्षेत्राच्या वर्गावर (क्षेत्र गुणिले क्षेत्र) अवलंबून असतो; क्षेत्र उलटलं तरी वर्गाचं चिन्ह बदलत नाही. सममित स्फटिकात मात्र क्षेत्र उलटलं की प्रतिसादही उलटलाच पाहिजे. जी संख्या स्वतःच्याच उणेइतकी, ती शून्य.

उपाय हसू यावं इतका लहान आहे. अमिनोच्या शेजारी एक मिथाइल गट लावायचा: एक कार्बन, तीन हायड्रोजन. इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत त्याने फारसा फरक पडत नाही, पण रेणूंची बैठक बदलते. २-मिथाइल-४-नायट्रोॲनिलीनच्या स्फटिकात ती सममिती नाही, आणि तो १०६४ चे ५३२ करून दाखवतो. दुसरी युक्ती म्हणजे डाव्या-उजव्या हातांसारखी दोन रूपं असलेला रेणू निवडून त्यातला एकच हात वापरणं. मग ती सममिती जमूच शकत नाही.

मग इलेक्ट्रॉन देणारा गट आणि ओढून घेणारा गट यांच्यातली अणूंची साखळी लांबवत न्यावी का? परिणाम वाढतो, पण रेणूचा रंगही गडद होतो आणि तयार झालेला हिरवा प्रकाश तो स्वतःच गिळू लागतो. युरियाचं याच्या उलट. परिणाम बेताचा, पण स्फटिक रंगहीन आणि मध्यबिंदूची सममिती नसलेला. म्हणून नव्या सेंद्रिय भुकटीतून निघणारी दुप्पट वारंवारतेची चमक 'युरियाच्या किती पट' अशी मोजतात. खताच्या गोणीत असतो, तोच युरिया.