रंगीत पिक्चर, निगेटिव्ह मात्र ब्लॅक अँड व्हाइट

'द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिम्प' हा १९४३चा ब्रिटिश पिक्चर मी ब्लू-रेवर पाहिला आणि पहिल्या दहा मिनिटांत गोष्ट बाजूलाच राहिली, मी रंगच बघत बसलो. टर्किश बाथमध्ये टॉवेल गुंडाळून बसलेला एक ढेरपोट्या म्हातारा जनरल एका तरुण ऑफिसरशी भांडत भांडत पाण्यात पडतो आणि हौदाच्या दुसऱ्या टोकाला चाळीस वर्षांनी लहान होऊन बाहेर येतो. त्याची लालबुंद कातडी, पांढऱ्या मिशा, आणि पुढे तीन वेगवेगळ्या बायकांच्या रोलमध्ये येणाऱ्या डेबोरा करचे ते तांबूस केस, सगळं इतकं ताजं की युद्ध चालू असताना हे शूट झालंय यावर विश्वास बसत नाही. मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या लेखक-दिग्दर्शक जोडीचा हा पिक्चर, त्यात चांगल्या स्वभावाचा एक जर्मन दाखवलाय आणि ब्रिटिश लष्करातल्या जुन्या खोडांची थट्टा केलीय, त्यामुळे चर्चिलसाहेब भडकले होते आणि तो बनूच नये म्हणून खटपट करत होते. तरी बनला. नंतर त्याची इतकी कापाकापी झाली की काही व्हर्जनमधून फ्लॅशबॅकच गायब होता.

तर रंग. आपल्याला वाटतं रंगीत पिक्चर म्हणजे रंगीत फिल्म, पण टेक्निकलर, म्हणजे त्या काळची रंगीत पिक्चर बनवायची पद्धत, तिच्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म नसायचीच. लेन्सच्या मागे काचेचा एक ठोकळा असायचा, त्याच्या मधोमध अर्धवट आरसा. थोडा प्रकाश सरळ जायचा आणि हिरव्या फिल्टरमधून एका फितीवर पडायचा, उरलेला काटकोनात वळून एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फितींवर पडायचा, त्यातली पुढची निळा प्रकाश टिपायची आणि मागची लाल. म्हणजे एकाच वेळी तीन फिती, आणि तिन्ही ब्लॅक अँड व्हाइट! लालवाल्या फितीला प्रकाश आधीच्या फितीतून गाळून मिळायचा म्हणून ती जरा मऊच, कडा तितक्या धारदार नाहीत. शिवाय प्रकाशाची अशी वाटणी झाली की कुणाच्याच वाट्याला पुरेसा येत नाही, मग सेटवर दिव्यांचा नुसता भडिमार करायचा आणि त्याखाली नटांनी लोकरीचे युनिफॉर्म घालून उभं राहायचं.

लॅबमध्ये या तीन फितींवरून जिलेटिनचे ठसे बनायचे, ते निळसर, किरमिजी आणि पिवळ्या रंगात बुडवून कोऱ्या फिल्मवर एकावर एक दाबायचे. कापडावर ब्लॉक प्रिंटिंग करतात तेच तत्त्व, फक्त ठसा एका इंचापेक्षा लहान आणि सेकंदाला २४ चित्रं.

एवढा खटाटोप पुढे कामी आला. १९५०मध्ये ईस्टमनकलर आलं, एकाच फितीत तिन्ही रंग, स्वस्त आणि सुटसुटीत, पण त्यातले रंग वर्षानुवर्षं पडून राहिले की उडतात, निळसर आधी जातो, म्हणून तर जुन्या हिंदी पिक्चरच्या प्रिंट गुलाबी-तांबड्या झालेल्या दिसतात. टेक्निकलरच्या निगेटिव्हमध्ये उडायला रंगच नाही, ब्लॅक अँड व्हाइट चित्र चांदीच्या कणांचं बनतं, आणि चांदी टिकते.

चांदी टिकते, पण ती ज्या पट्टीवर बसलीय त्या पट्टीचं काय? ती सेल्युलोज नायट्रेटची. तोफेच्या दारूत वापरतात त्या गनकॉटनची सख्खी बहीण. एकदा पेटली की स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली आणि कित्येक जुने पिक्चर कायमचे गेले, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. आणि नाही पेटली तरी ती हळूहळू सडते, आम्ल सोडते, आणि आक्रसते.

आक्रसणं हाच खरा वांधा, कारण तिन्ही फिती सारख्या आक्रसत नाहीत. समजा एक फीत दुसरीपेक्षा अर्धा टक्का जास्त आक्रसली, ऐकायला काहीच नाही, पण १० मीटर रुंद पडद्यावर ते ५ सेंटिमीटर होतात. पेपरात कधीकधी छपाईची प्लेट सरकते आणि हिरॉइनच्या ओठांचा लाल रंग गालावर जातो ना, तसं, फक्त इथे ते हलतं पण.

'कर्नल ब्लिम्प'च्या २०११च्या रिस्टोरेशनमध्ये, म्हणजे डागडुजीत, मूळ तिन्ही निगेटिव्ह ४के रिझोल्यूशनला (आडवे सुमारे चार हजार ठिपके) वेगवेगळ्या स्कॅन केल्या आणि कॉम्प्युटरने एक एक फ्रेम ताणून, वाकवून एकमेकींवर बसवली. १६३ मिनिटांचा पिक्चर, म्हणजे जवळपास २ लाख ३५ हजार फ्रेम, गुणिले तीन, सात लाख चित्रं झाली! त्यात बुरशी. बुरशीचा डाग बहुतेक एकाच फितीवर असतो, त्यामुळे पडद्यावर तो काळा न दिसता रंगीत दिसतो, हिरव्या फितीवरचा डाग हिरवा ठिपका होऊन चमकतो. पण त्यामुळेच दुरुस्ती सोपी होते, शेजारच्या दोन फितींवर तीच जागा शाबूत असते, तिथून अंदाज घेता येतो. मूळ रंग नेमके कसे होते हे मात्र मशीनला कळत नाही, तिथे माणूसच लागतो. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी या कामात होते, आणि त्यांची एडिटर थेल्मा स्कूनमेकर पण, ती पॉवेलची बायको, त्याच्या जाण्यानंतरही त्याचे पिक्चर सांभाळत बसलेली.

आता घरचा मामला. जुन्या पिक्चरमध्ये पडद्यावर बारीक दाणे वळवळतात, ते चांदीचे कण, म्हणजे चित्र ज्याचं बनलंय तेच. दाणे प्रत्येक फ्रेमला वेगळे, त्यामुळे व्हिडिओ कॉम्प्रेस करणाऱ्या सॉफ्टवेअरला ते अजिबात आवडत नाहीत, कारण ते मागच्या फ्रेममध्ये जे होतं तेच पुढे ढकलून जागा वाचवतं आणि इथे काहीच रिपीट होत नाही. स्ट्रीमिंगवर डेटा कमी, म्हणून दाणे पुसले जातात आणि चेहरे मेणाचे दिसतात, ब्लू-रेवर जागा भरपूर असल्याने ते टिकतात. आणि मग आपला टीव्ही नॉइज रिडक्शन लावून तेच दाणे परत पुसतो, वर मोशन स्मूदिंगने, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच बनवून हालचाल गुळगुळीत करून, सगळ्याची सिरियल करून टाकतो! दोन्ही बंद करा. चित्र जवळजवळ चौकोनी आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच, ते घालवायला झूम दाबलंत तर जनरलचं टक्कल कापलं जाईल.