चौदा वर्षं जमिनीवर, मग पुन्हा आकाशात

इंग्लंडमध्ये साउथएंड आणि वेल्सबर्न या दोन विमानतळांवर एकेक अव्रो व्हल्कन उभं आहे. शीतयुद्धाच्या काळातली ही अजस्र त्रिकोणी बॉम्बफेकी विमानं स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं जपली आहेत. त्यांची चारही जेट इंजिनं सुरू करून त्यांनी ती धावपट्टीवर भरधाव पळवलीही आहेत. पण वेग उड्डाणाच्या जवळ आला की इंजिनं मंद होतात आणि ब्रेक लागतात. बघणाऱ्याला वाटतंच, इतकं सगळं चालतंय तर उडवत का नाहीत?

जमिनीवर काही बिघडलं तर विमान थांबवता येतं, हवेत ते जमत नाही. म्हणून ‘चालतंय’ एवढं तिथे पुरत नाही. आतला प्रत्येक महत्त्वाचा भाग ठरलेला भार, ठरलेल्या काळापर्यंत, न तुटता पेलेल हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. हवाई दलातून निवृत्त झालेल्या व्हल्कनांपैकी एकाच विमानाबाबत हे साधलं. त्याचा क्रमांक एक्सएच ५५८.

व्हल्कनचं पहिलं नमुना-विमान १९५२ साली उडालं. अणुबॉम्ब घेऊन खूप उंचावरून सोव्हिएत हद्दीत शिरायचं, या कामासाठी ते आखलेलं होतं. एक्सएच ५५८ हे सुधारित आवृत्तीचं. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ३४ मीटर आहे आणि ते १९६० साली रॉयल एअर फोर्समध्ये दाखल झालं. बॉम्बफेक, सागरी टेहळणी, हवेत इंधन पुरवणं अशी वेगवेगळी कामं त्याने केली. बाकीची व्हल्कन निवृत्त झाल्यावरही ते हवाई प्रदर्शनांत उडत राहिलं. १९९२ नंतर हा खर्च हवाई दलाला परवडेना. विमान विकलं गेलं आणि मार्च १९९३ मध्ये लेस्टरशरमधल्या ब्रंटिंगथॉर्प इथे उतरलं. पुढचं उड्डाण व्हायला साडेचौदा वर्षं जावी लागली.

अशा विमानाची सर्वांत मोठी काळजी म्हणजे धातूचा थकवा. लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुनःपुन्हा वाकवत राहिलात तर थोड्याशा जोरातही तुटते. उडताना विमानाचे पंख वरच्या बाजूला वाकतात, म्हणजे पंखाच्या खालच्या बाजूवर ताण येतो. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक वळण, वाऱ्याचा प्रत्येक झोत ही त्या धातूसाठी एकेक वाकवणी असते. तडा बहुधा रिव्हेटच्या भोकाच्या कडेला सुरू होतो, कारण ताण तिथे एकवटतो. सुरुवातीला तो डोळ्यांना दिसतही नाही.

व्हल्कनच्या पिढीवर हे संकट एका धोरणबदलामुळे अधिक गडद झालं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत क्षेपणास्त्रं उंचावरची विमानं पाडू शकतात हे स्पष्ट झालं, तेव्हा ब्रिटनने आपल्या बॉम्बफेकी विमानांना जमिनीलगत उडायला लावलं. खालची हवा जास्त खळबळीची. वरच्या शांत हवेसाठी आखलेल्या पंखांना तिथे सतत हादरे बसू लागले. व्हल्कनचं भावंड असलेल्या व्हिकर्स व्हॅलियंटला ते झेपलं नाही. १९६४ साली एका व्हॅलियंटच्या पंखातला मागचा स्पार, म्हणजे पंखाचा भार वाहणारी मुख्य तुळई, उडतानाच तुटला. विमान कसंबसं उतरलं, पण तपासणीत इतरांमध्येही तडे आढळले आणि १९६५ च्या सुरुवातीला सगळी व्हॅलियंट सेवेतून काढली गेली. व्हल्कनचा जाड त्रिकोणी पंख या कामात अधिक टिकाऊ ठरला. तरी ‘अधिक टिकाऊ’ म्हणजे ‘अमर’ नव्हे.

रॉयल एअर फोर्सच्या विमानांत एक छोटं मोजणी-यंत्र बसवलेलं असे. विमानाला किती जोराचे हादरे किती वेळा बसले याची ते नोंद ठेवी आणि त्या नोंदींवरून विमानाचं किती आयुष्य खर्च झालं हे गणिताने काढत. एक्सएच ५५८ ची ही नोंद शिल्लक होती. माझ्या मते जीर्णोद्धारातली सर्वांत मोलाची ठेव तीच. नोंद नसलेलं विमान कितीही चकचकीत दिसलं तरी त्याच्या पंखांचं खरं वय कोण सांगणार?

नोंदीनंतर प्रत्यक्ष तपासणी. ऑगस्ट २००५ मध्ये काम सुरू झालं, तेव्हा विमान मोठ्या प्रमाणात उघडण्यात आलं. धातूला इजा न करता तडे शोधण्याच्या काही पद्धती आहेत. एकीत पृष्ठभागावर रंगीत द्रव लावतात. तो केसाएवढ्या भेगेत शिरतो, आणि वरचा पुसून पांढरी भुकटी टाकली की भेगेतला रंग बाहेर झिरपून रेघ उमटते. दुसरीत तारेच्या छोट्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडून ते धातूवरून फिरवतात. त्यामुळे धातूत विजेचे भोवरे निर्माण होतात आणि तडा आला की भोवऱ्यांची वाट अडते. हा फरक यंत्राला कळतो, भले तडा रंगाच्या थराखाली असो. ज्या सांध्यांच्या आत हात पोहोचत नाही तिथे क्ष-किरण.

थकवा विमान उडतं तेव्हा वाढतो. गंज मात्र ते उभं असतानाही थांबत नाही. इंग्लंडच्या दमट हवेत अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या थरांमध्ये तो आतल्या आत पसरतो. रबराची सीलं कडक होतात, लवचीक नळ्यांना चिरा पडतात, विजेच्या तारांवरचं आवरण ठिसूळ होतं. वैमानिकांच्या इजेक्शन सीटमधल्या स्फोटक काडतुसांनाही औषधासारखी मुदत असते. व्हल्कनमध्ये अशा सीट फक्त दोन वैमानिकांना होत्या, मागे बसणाऱ्या तिघांना खालच्या दारातून उडी टाकावी लागे. पाच माणसांसाठी बांधलेलं विमान पुन्हा उडवणाऱ्यांना हेही लक्षात ठेवावं लागतं.

तारांचा मुद्दा व्हल्कनमध्ये जीवनमरणाचा आहे. इतक्या मोठ्या विमानाला वळवणाऱ्या-कलवणाऱ्या फळ्या जेटच्या वेगात माणसाच्या ताकदीने हलत नाहीत. म्हणून पंखांच्या मागच्या कडेवरच्या आठही फळ्यांना स्वतंत्र यंत्रं दिलेली होती आणि शेपटीच्या सुकाणूला आणखी दोन. विजेची मोटर पंप फिरवते, पंप तेलाचा दाब निर्माण करतो आणि दाब फळी हलवतो. वीज पूर्ण गेली तर हाताने चालवायची सोयच नाही. त्यासाठी वाऱ्याच्या झोतात बाहेर येऊन फिरणारी छोटी टर्बाइन आणि वेगळं लहान जनित्र अशा आणीबाणीच्या व्यवस्था आहेत. त्याही तपासल्याशिवाय चालणार नव्हतं. असे भाग बनवणाऱ्या कंपन्यांपैकी काही बंद पडलेल्या, काही दुसऱ्यांत विलीन झालेल्या. त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांना शोधून जुने भाग पुन्हा तपासून घ्यायचे, हे कामच कित्येक महिन्यांचं होतं.

इंजिनांच्या बाबतीत मात्र दैव अनुकूल होतं. विमानासोबत रोल्स-रॉइसची आठ ऑलिंपस इंजिनं मिळाली. १९८२ पासून सीलबंद ठेवलेली, ओव्हरहॉलनंतर एक तासही न चाललेली. याच घराण्याचं वाढवलेलं रूप पुढे कॉन्कॉर्डला बसलं. चार विमानात, चार राखीव. जेट इंजिनाचं आयुष्य फक्त तासांवर ठरत नाही. वैमानिक जितक्या वेळा जोर कमी-जास्त करतो, तितक्या वेळा आतल्या चकत्या तापतात, ताणल्या जातात, पुन्हा सैलावतात. प्रदर्शनातल्या काही मिनिटांच्या कसरतीत असे फेरे भराभर होतात, म्हणून लांबच्या सरळ प्रवासापेक्षा प्रदर्शनच इंजिनाला महाग पडतं.

या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारा कोणी तरी हवा. ब्रिटनमध्ये व्हल्कनसारख्या गुंतागुंतीच्या विमानाला उड्डाणाची परवानगी हवी असेल, तर त्याच्या आराखड्याची जबाबदारी घेणारी मान्यताप्राप्त कंपनी पाठीशी लागते. ती जबाबदारी केंब्रिजच्या मार्शल एरोस्पेसने घेतली. एखादा बोल्ट बदलला तर तो कुठला, कुणी बसवला, कुणी तपासला, याची नोंद. ही कारकुनी वाटते खरी. पण व्हल्कनच्या आराखड्याची सुरुवात करणारे रॉय चॅडविक कसे गेले हे आठवलं की त्या नोंदींची किंमत कळते. दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टरचे हे रचनाकार २३ ऑगस्ट १९४७ ला एका अव्रो ट्यूडर विमानाच्या चाचणीत मरण पावले. देखभालीत एलेरॉनच्या, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्यांच्या, तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. वैमानिकाने एका बाजूला कलवायला जावं आणि विमानाने दुसरीकडे कलावं. आपला त्रिकोणी पंख उडताना त्यांना पाहायला मिळाला नाही.

पैशाचं गणितही भयंकर. हे विमान पुन्हा उडवण्यासाठी डॉ. रॉबर्ट प्लेमिंग यांनी उभारलेल्या ट्रस्टला २००४ मध्ये हेरिटेज लॉटरी फंडाकडून २७ लाख पौंडांहून अधिक मदत मिळाली, बाकीचा पैसा लोकवर्गणीतून उभा करायचा होता. २००६ च्या उन्हाळ्यात तिजोरी रिकामी झाली, कामगारांना नोटिसा देण्याची वेळ आली. तेव्हा उद्योगपती सर जॅक हेवर्ड यांनी ५ लाख पौंड दिले आणि काम वाचलं. १८ ऑक्टोबर २००७ ला एक्सएच ५५८ ब्रंटिंगथॉर्पवरून उडालं.

ते पुन्हा जमिनीवर येण्याची वेळ एकदा अगदी क्षुल्लक वस्तूने आणली. विमान उभं असताना इंजिनांत ओलावा शिरू नये म्हणून सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतात. मे २०१२ मध्ये डॉनकास्टर इथे त्या हवेच्या मार्गातच राहून गेल्या. उड्डाणासाठी जोर देताच डावीकडच्या एका इंजिनाने त्या ओढल्या आणि त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले. उड्डाण वेळीच थांबवलं, माणसं सुखरूप राहिली, पण दोन इंजिनं गेली. राखीवातली उरलेली बसवावी लागली. जगात आणखी मिळणार नव्हती. विमान काही आठवड्यांत पुन्हा उडालं, आणि २०१३-१४ च्या हिवाळ्यात पंखांच्या स्पारला बळकटी देऊन आणखी दोन वर्षांचं आयुष्य मिळवलं गेलं.

२०१५ मध्ये मात्र अव्रोची वारसदार बीएई सिस्टिम्स, मार्शल आणि रोल्स-रॉइस या तिन्ही कंपन्यांनी त्या मोसमानंतर पाठिंबा थांबवायचं ठरवलं. एक्सएच ५५८ ने इतर कोणत्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तास उड्डाण केलेलं होतं. म्हणजे पुढे काय तुटू शकतं हे सांगणारा दुसऱ्या कुठल्याच व्हल्कनचा अनुभव हाताशी उरला नव्हता. मला हा निर्णय दुःखद वाटतो, आणि योग्यही. २८ ऑक्टोबर २०१५ हे शेवटचं उड्डाण.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शोरहॅमच्या प्रदर्शनात हॉकर हंटर हे एक जुनं लढाऊ जेट महामार्गावर कोसळून ११ जण मेले होते. विमान कसरत पूर्ण करण्याइतक्या वेगात आणि उंचीवर नव्हतं, असं तपासात निघालं. त्याच तपासात इजेक्शन सीटच्या काडतुसांची मुदत उलटून गेल्याचंही दिसलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा प्रदर्शनांचे नियम कडक झाले.

आपल्याकडे २६ सप्टेंबर २०२५ ला मिग-२१ निवृत्त झालं. नाशिकजवळ ओझरला ज्यांनी ती विमानं बांधली आणि ओव्हरहॉल केली, त्या कामगारांच्या हातातलं ज्ञान, जिग (भाग नेमके बसवायचे साचे), चाचणी-टेबलं, नोंदवह्या आत्ताच जपल्या पाहिजेत असं मला कळकळीने वाटतं. चौकात चबुतऱ्यावर विमान चढवायला यातलं काहीच लागत नाही. उडवायचं म्हटलं तर सगळंच लागतं.

व्हल्कनएवढ्या विमानावर हा प्रयोग पुन्हा होईल असं वाटत नाही. लहान जेटचं तसं नाही. नॉर्वेतल्या एका ऐतिहासिक पथकाने डी हॅविलंड व्हॅम्पायर उडती ठेवली आहेत. हेच विमान १९४८ मध्ये भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट ठरलं आणि पुढे बेंगळुरूला परवान्यावर बांधलं गेलं. एकच इंजिन, साधी यंत्रणा, आणि पुढचा भाग चक्क लाकडाचा, प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा. तिथे धातूच्या थकव्याइतकाच जपून पाहावा लागतो तो सांध्यांतला डिंक आणि लाकडात मुरलेला ओलावा.