प्रश्न कमी, गप्पा फार: ‘केबीसी’वरच्या तक्रारींमागचा इतिहास

‘कौन बनेगा करोडपती’चं नवं पर्व आलं की जुन्या प्रेक्षकांची गाऱ्हाणी पुन्हा सुरू होतात. तासाभरात प्रश्न मोजकेच होतात. स्पर्धक खुर्चीवर बसला की आधी त्याच्या गावाची, घराची चित्रफीत, मग प्रेक्षकांत बसलेल्या आईचे भरून आलेले डोळे. शुक्रवारी एखादा नट येणार आणि त्याचा सिनेमाही येणार. मध्येच प्रायोजकांची नावं, मध्येच घरबसल्या अॅपवर खेळण्याचं आवाहन. ‘पूर्वीचं केबीसी राहिलं नाही’ हे वाक्य तर आता घराघरात पाठ झालं आहे.

ही नुसती जुन्या दिवसांची ओढ असती तर तिच्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नव्हतं. पण या खेळात काय बदललं आणि कधी, हे वर्षांनिशी सांगता येतं. ते तपासल्यावर माझं मत असं झालं आहे, की प्रेक्षकांची तक्रार खरी आहे, फक्त ती चुकीच्या गोष्टीवर येऊन पडते. गप्पा पहिल्या दिवसापासून होत्या. हरवलंय ते वेगळंच.

मूळ खेळ ब्रिटनचा. ‘हू वाँट्स टु बी अ मिलियनेअर?’ आयटीव्हीवर ४ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झाला, ख्रिस टॅरंट सूत्रसंचालक. तोवरच्या बहुतेक प्रश्नमंजूषांमध्ये वेगाला महत्त्व होतं. बझर दाबा, पटकन बोला. इथे वेळेचं बंधनच नव्हतं. स्पर्धकाला चार पर्याय समोर दिसतात, हवा तेवढा विचार करता येतो आणि प्रश्न पाहूनही खेळ सोडून पैसे घेऊन जाता येतं. म्हणजे परीक्षा माहितीची असते तशीच धीराचीही. पुढे जायचं की मिळालेलं घेऊन उठायचं, हा निर्णय माणूस आपल्या डोळ्यांसमोर घेतो आणि सगळी मजा त्यात आहे. किथ आणि मॅथ्यू स्ट्रॅकन या पिता-पुत्रांनी केलेलं संगीतही त्याच हिशेबाने रचलेलं होतं: वरच्या टप्प्यांत प्रत्येक प्रश्नागणिक मागची धून अर्ध्या स्वराने वर चढायची. ऐकणाऱ्याला हे कळायचं नाही, पण छातीत धडधड वाढायची.

भारतात तो ३ जुलै २००० रोजी ‘स्टार प्लस’वर आला. सोमवार ते गुरुवार, रात्री नऊ. नाव आधी ‘लखपती’ ठरत होतं आणि वाहिनीचे मालक रूपर्ट मर्डॉक यांच्यासमोरच्या बैठकीत त्याचं ‘करोडपती’ झालं, ही कथा प्रसिद्ध आहे. निर्मिती सिद्धार्थ बसू यांची. १९८५ पासून दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ चालवणारा हा माणूस प्रश्न कसा विचारायचा हे पक्कं जाणून होता. आणि सूत्रसंचालक अमिताभ बच्चन: मोठ्या पडद्यावरचा एवढा मोठा नट पहिल्यांदाच छोट्या पडद्यावर येऊन समोरच्या माणसाला अदबीने ‘आप’ म्हणत होता, त्याच्यासाठी खुर्ची ओढत होता. पंधरा प्रश्न, पहिला एक हजाराचा, पाचव्यावर दहा हजारांचा थांबा (म्हणजे पुढे चुकलं तरी एवढी रक्कम हातची जात नाही), दहाव्यावर तीन लाख वीस हजारांचा, शेवटचा एक कोटीचा. मदतीला तीन लाइफलाइन. बस, इतकंच.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईचा हर्षवर्धन नवाथे एक कोटी जिंकला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा सत्तावीस वर्षांचा मराठी मुलगा. महाराष्ट्रात त्या विजयाला वेगळंच वजन होतं. वाचनालयात बसून वर्तमानपत्रांतून टिपणं काढणाऱ्या किती मुलांच्या आईबापांना त्या रात्री वाटलं असेल की हा अभ्यास वाया जात नाही! दहावी-बारावीच्या पुस्तकांबाहेर ‘सामान्य ज्ञान’ नावाची काही किमतीची चीज असते, हे त्या वर्षाने अनेक घरांना पटवलं.

आता गप्पांचं. पहिल्या पर्वातही बच्चन भरपूर बोलायचे. उलट उत्तर लॉक झाल्यावर ते जो वेळ काढायचे त्यावर नकला निघाल्या. नामवंतांचे खास भागही होते; सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी तेव्हाही त्या खुर्च्यांवर येऊन गेले. फरक असा की तेव्हाचं बोलणं प्रश्नाभोवती फिरायचं. ‘पक्कं?’, ‘अजून एकदा विचार करा’, ‘लाइफलाइन शिल्लक आहे’. प्रत्येक वाक्याने शंका वाढायची. उत्तर माहीत असलेला माणूसही डळमळायचा.

पुढची काही वर्षं भराभर गेली. २००५ साली बक्षीस दोन कोटींचं झालं, पण बच्चन यांच्या आजारपणामुळे ते पर्व २००६ च्या सुरुवातीला मध्येच थांबलं. २००७ साली शाहरुख खान आले. खेळ जवळजवळ तोच असूनही प्रेक्षकांना तो परका वाटला. त्यानंतर तीन वर्षं शुकशुकाट.

खरा सांधा बदलला तो ‘सोनी’वर. ११ ऑक्टोबर २०१० रोजी, बच्चन यांच्या ६८व्या वाढदिवशी, कार्यक्रम नव्या वाहिनीवर परतला. त्या वर्षीच्या जाहिरातींचं घोषवाक्य होतं, ‘कोई भी सवाल छोटा नहीं होता’. पुढच्या वर्षी ते झालं, ‘कोई भी इन्सान छोटा नहीं होता’. एका वर्षात वाहिनीने कार्यक्रमाचं केंद्र प्रश्नावरून माणसावर नेलं आणि तेही उघडपणे जाहीर करून. २०१० साली गिरिडीहच्या राहत तस्लीम एक कोटी जिंकणारी पहिली स्त्री ठरल्या. २०११ साली मोतिहारीचा सुशील कुमार, रोजगार हमी योजनेत सहा-साडेसहा हजारांवर काम करणारा संगणक चालक, पाच कोटी जिंकला. लहान गावं, कमी पगार, मोठी स्वप्नं हा साचा तिथे घट्ट झाला.

या वळणाला सरसकट नावं ठेवायला मी तयार नाही. त्याच वळणामुळे २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे, शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या बाई, त्या खुर्चीवर बसल्या आणि कोटी जिंकून उठल्या. २०२२ साली पहिल्या पर्वापासून धडपडणाऱ्या कोल्हापूरच्या गृहिणी कविता चावला जिंकल्या. ‘कर्मवीर’ या खास भागांची सुरुवात २०१८ साली प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांच्यापासून झाली आणि हेमलकसा देशभरच्या बैठकीच्या खोल्यांत पोहोचलं. पुढच्या वर्षी सिंधुताई सपकाळ आल्या तेव्हा बच्चन त्यांच्या पाया पडले. हे सगळं प्रश्नांच्या वेळेतूनच गेलं, पण ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

मग बिघडलं कुठे? माझ्या मते दोन जागी, आणि दोन्हींकडे तक्रार करणारे फारसे बघत नाहीत.

पहिली जागा घड्याळाची. २०१० सालीच सुरुवातीच्या प्रश्नांना वेळेची मर्यादा आली. पुढे पहिल्या पाचांना पंचेचाळीस सेकंद, पुढच्या पाचांना साठ, असं ते स्थिरावलं. हेतू उघड होता: प्रश्न पटापट व्हावेत. झालं उलटंच. प्रश्नाला घड्याळ लागलं, गप्पांना लागलं नाही. वाचलेला वेळ चित्रफितींनी, पाहुण्यांनी आणि प्रायोजकांनी घेतला. ज्या शांततेत माणूस स्वतःशी वाद घालायचा ती शांतता दहाव्या प्रश्नाच्या पुढे ढकलली गेली आणि बरेच जण तिथपर्यंत पोहोचतच नाहीत. बोलणं वाढलं म्हणून खेळ पातळ झाला, असं प्रेक्षक म्हणतात. मला वाटतं, विचार करणारा चेहरा पडद्यावरून गेला म्हणून तो पातळ झाला.

दुसरी जागा पैशांची शिडी. २००० साली दहावा प्रश्न तीन लाख वीस हजारांचा होता. २०१९ सालीही दहावा प्रश्न तीन लाख वीस हजारांचाच होता. एकोणीस वर्षांनंतरही पहिल्या दहा पायऱ्यांची रक्कम तीच. वरचं टोक मात्र वाढत गेलं: पाच कोटी, २०१३ पासून सात कोटी, २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त साडेसात कोटी. पण २०१४ साली दिल्लीच्या नरूला बंधूंनी सात कोटी जिंकल्यानंतर २०२४ च्या सोळाव्या पर्वापर्यंत त्या टोकाला कोणीच पोहोचलं नाही. म्हणजे प्रत्यक्षातली कमाल रक्कम एक कोटीच राहिली. २००० साली दहा ग्रॅम सोनं साधारण साडेचार हजारांना मिळत होतं. एक कोटीत बावीस किलोच्या आसपास यायचं. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला, तेव्हा त्याच कोटीत किलोभरही येईना. त्यातूनही कर वेगळा, तीस टक्के आणि वर अधिभार. पहिल्या पर्वात तीन लाख वीस हजारांवर माणसाचे हात थरथरायचे, कारण त्या रकमेत लहान गावात घराची सोय व्हायची. आज पणाला लागलेली रक्कम छातीत धडकी भरवत नाही, म्हणून मग ती धडकी आईच्या आजाराच्या आणि बापाच्या कर्जाच्या चित्रफितीतून आणावी लागते.

बाकीचे बदल यातूनच निघाले. २०१७ साली मित्राला फोन करण्याच्या जागी व्हिडिओ कॉल आला आणि स्पर्धकासोबत ‘जोडीदार’ बसू लागला. २०१९ साली अजय-अतुल यांनी शीर्षक धून नव्याने बांधली. ती भव्य आहे, पण जुन्या धूनेतला गारठा तिच्यात नाही. २०२० साली करोनामुळे सेटवर प्रेक्षकच नव्हते, त्यामुळे प्रेक्षकांचा कौल घेण्याची ‘ऑडियन्स पोल’ ही लाइफलाइन गेली, खुर्चीवर कोण बसणार हे ठरवणाऱ्या ‘फास्टेस्ट फिंगर’ फेरीचे दहा स्पर्धक आठ झाले आणि निवड पूर्णपणे अॅपवर आली, सामान्य ज्ञानाच्या चाचणीसोबत स्वतःचा व्हिडिओ पाठवून. २००० साली फोन फिरवून प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि वाट पाहायची. व्हिडिओत कोण कसा दिसतो, काय सांगतो, याचा तेव्हा संबंध नव्हता.

महाराष्ट्राचा सर्वांत मोठा रोष मात्र या कशाचाच नव्हता. नोव्हेंबर २०१९ मध्ये औरंगजेबाच्या समकालीन शासकाबद्दलच्या प्रश्नात इतरांच्या नावांना ‘महाराणा’, ‘महाराजा’ लावून शिवाजी महाराजांचं नाव एकेरी छापलं गेलं. संताप रास्त होता. वाहिनीने माफी मागितली, बच्चन यांनीही दिलगिरी व्यक्त केली. पहिल्या पर्वाची ख्याती प्रश्नांच्या काटेकोरपणावर उभी होती, त्यामुळे ही चूक जास्त टोचली.

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. ब्रिटनमध्ये २००७ साली प्रश्न पंधरावरून बारा केले, २०१० साली घड्याळ लावलं, आणि २०१४ साली कार्यक्रम बंद पडला. अमेरिकेत २००८ साली घड्याळ आलं, २०१० साली प्रश्नांच्या रकमाच उलटसुलट फिरवल्या. चाहते नाराज झाले, आणि २०१५ साली जुनी शिडी परत आणावी लागली. ब्रिटनमध्ये २०१८ साली जेरेमी क्लार्कसन यांच्यासह खेळ परतला तो पुन्हा पंधरा प्रश्न घेऊन, घड्याळ काढून. सूत्रसंचालक नवा, एक लाइफलाइन नवी, हाडं मात्र १९९८ ची. प्रेक्षकांनी ते स्वीकारलं.

आपल्याकडे हा प्रयोग झाला नाही, कारण इथे सगळा भार एका माणसावर आहे. मराठीत ‘कोण होईल मराठी करोडपती’ २०१३ साली ई टीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्यासह आलं, २०१९ साली सोनी मराठीवर नागराज मंजुळे त्या खुर्चीवर बसले, आणि दोघांनी आपापल्या धाटणीने ते निभावलं. म्हणजे सूत्रसंचालक बदलूनही खेळ चालू शकतो. हिंदीत मात्र २००७ नंतर तो धोका कोणी पत्करलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये बच्चन ८३ वर्षांचे झाले. त्यांचा स्पर्धकाला दिलेला मान, हिंदीवरची हुकमत आणि समोरच्याला बोलतं करण्याची हातोटी यांवर बाकीच्या उणिवा झाकल्या जातात. ते थांबतील तेव्हा चित्रफिती आणि पाहुण्यांच्या आधारावर हा तास उभा राहणार नाही. त्याआधी वाहिनीने पहिल्या दहा पायऱ्यांची रक्कम आजच्या काळाला साजेल इतकी वाढवावी आणि निदान पाचव्या प्रश्नानंतर घड्याळ काढून टाकावं.