अंड्याची टरफलं आणि टोमॅटोचा काळा बुडखा

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडला की हमखास सल्ला मिळतो: कॅल्शियम कमी पडलंय, कुंडीत अंड्याची टरफलं चुरून टाका. यातलं अर्धंच खरं आहे. फळात कॅल्शियम कमी पडतं, पण बहुतेक वेळा मातीत ते भरपूर असतं.

कॅल्शियम झाडात पाण्याबरोबरच वर चढतं. पानांतून बाष्प सतत उडतं, म्हणून पाणी तिकडे ओढलं जातं. फळाच्या वाट्याला थोडंच येतं. त्यात दोन दिवस माती कोरडी आणि तिसऱ्या दिवशी चिखल असं झालं, की फळाचं टोक उपाशी राहतं. युरियाचा मारा केला तर पाला माजतो आणि दुखणं वाढतं.

टरफल म्हणजे जवळजवळ सगळा कॅल्शियम कार्बोनेट, थोडक्यात चुनखडीच. तो आम्लात विरघळतो. मराठवाडा-विदर्भातली काळी माती मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी, तिथे टरफलं वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत उपयोग होतो, पण पिठासारखी बारीक पूड केली तरच, आणि तोही सावकाश. चालू हंगामातलं फळ त्यानं वाचत नाही.

मग करायचं काय? पाणी थोडं पण नेमानं द्या. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचं दोन-तीन इंचांचं आच्छादन घाला. लावणीआधी चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा, त्यानं ओल टिकते. डागाळलेली फळं मात्र तोडून टाका, ती सुधारत नाहीत.