शर्टिंग

पुरुषांच्या शर्टासाठी विणले जाणारे हलके कापड. दुकानात त्याची ओळख ‘कॉटन’, ‘टेरीकॉट’, ‘लिनन’ अशी धाग्यावरून करून देतात; पण शर्ट अंगावर कसा बसेल, हे बरेचसे विणीवर ठरते.

पॉपलिनची वीण साधी, एक धागा वर, एक खाली. त्यात उभे धागे (ताणा) आडव्यांपेक्षा (बाणा) दाट घालतात, म्हणून कापड हाताला गुळगुळीत लागते आणि इस्त्रीची घडी धारदार बसते. इचलकरंजीच्या यंत्रमागांनी ते गावोगावी पोहोचवले. पांढऱ्या पातळ पॉपलिनमधून बनियनच्या कडा दिसतात आणि तासभर खुर्चीत बसले की पाठीला चुण्या पडतात. तरी टायखाली याइतके नेटके दुसरे दिसत नाही.

ट्विलमध्ये धाग्यांची गाठ दर ओळीला एक घर सरकते. कापड उजेडात धरले की तिरप्या रेघा दिसतात. ते जरा जड, मऊ, किंचित चकाकणारे असते आणि कमी चुरगळते. रेघांची दिशा ठरावीक अंतराने उलटवली की हेरिंगबोन होते.

ऑक्सफर्डमध्ये बारीक उभे धागे जोडीने एका जाड आडव्या धाग्यावरून जातात. बहुधा उभे रंगीत, आडवे पांढरे. म्हणून दुरून फिका निळा वाटणारा शर्ट जवळून ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. जाडसर व टिकाऊ असले तरी हे कापड सणसमारंभाचे नव्हे.

सुताचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. नंबर चढला की सूत बारीक. शंभरापुढचे कापड तलम आणि महाग, पण रोज धुण्या-आपटण्याला ते पुरत नाही.

इंग्लंडमध्ये १९४१ साली विनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधलेल्या टेरिलीनच्या जातीचा, म्हणजे पॉलिस्टरचा, धागा सुतात मिसळून टेरीकॉट आले. भर पावसाळ्यातही ते रात्रीत वाळते, इस्त्री फारशी मागत नाही. मात्र घाम फारसा शोषत नाही, त्यामुळे मे महिन्यात नकोसे होते. लिनन याच्या उलट. जवसाच्या खोडापासून निघणारा हा धागा उन्हाळ्यात सुखाचा, पण चुरगळण्याला इलाज नाही.

‘प्युअर कॉटन’ची शंका असेल तर कडेचा एक धागा काढून जाळावा. सूत कागदासारखे जळून भुरी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो.